कळसाखालचा माड

८ सप्टेंबर, सोमवार

"तेंका इचार, भाकरी व्हयी काय भात."

आईचा प्रश्न मला. ज्यांना विचारायचं ते आबा, तिचा नवरा, तिच्यापासून तीन हातांवर, पाटावर बसलेले. सगळं ऐकतायत. मी विचारायचं, त्यांनी मला सांगायचं, मी आईला सांगायचं. नंदू गेला तेव्हापासून हेच. अकरा महिने. पोस्टात लागले असते तर निदान सायकल मिळाली असती.

भाकरी म्हणाले. भाकरी, म्हटलं मी.

दु. ३ ला केतकीमॅडमचा पुण्याहून फोन. नवं काम. छोट्या होडीवाल्यांना शिकवण्यासाठी व्हीआर करायचंय: हवा बिघडल्यावर खाडीच्या तोंडातून होडी आत कशी घ्यायची. हेडसेट घालून बसायचं, समोर लाटा, हातात सुकाणू. "शुभांगी, तू तर किनाऱ्यावरच राहतेस, तुमचंच गाव घे ना."

माझा भाऊ, नंदू, गेला हे तिला माहीत आहे. कसा गेला ते मी कधी सांगितलं नाही. घेते म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. नाहीतर कुणीतरी पुण्यात बसून निळा-निळा समुद्र केला असता आणि वर डॉल्फिन सोडला असता.

११ सप्टें., गुरुवार

पावसात नवीन ड्रोन उडवणं शक्य नाही. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मालवणच्या फोटोवाल्याकडून सगळ्या वाडीचा सर्व्हे करून घेतला होता, पर्यटकांच्या खोल्यांसाठी. तोच काढला. फोटोंवरून सगळी वाडी जशीच्या तशी मॉडेलमध्ये उभी राहते. घरं, देऊळ, वाळू, कुंपणावरची चादरसुद्धा.

आमची होडी वाळूवर ओढून ठेवलेली दिसते. आता तिचे दोन तुकडे आबांच्या जोडीदाराच्या, पांडूकाकांच्या, मागीलदारी आहेत, वर कोंबड्या बसतात.

तासभर काही केलं नाही. नुसती होडीभोवती फिरत बसले. मग डोकं दुखायला लागलं. हेडसेटमुळे असेल.

१५ सप्टें., सोमवार

दुकानात गेले साखर आणायला. मला बघून बोलणं थांबलं, म्हणजे आमचंच चाललं होतं. थांबायच्या आधीचं शेवटचं वाक्य ऐकू आलं होतंच: "म्हाताऱ्या तांडेलान पोराक घेऊन जावचा न्हवता. डोळे गेलेले तेचे."

तांडेल, म्हणजे होडीचा सुकाणूवाला, म्हणजे आबा. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू गेल्या वर्षी मे महिन्यात काढले. वेंगुर्ल्याला आत्याकडे महिनाभर होते. ऑक्टोबरात होडी खडकावर गेली. लोकांनी दोन आणि दोन जोडले. आईनेही तेच जोडलं. "डोळे नसताना माज्या पोराक घेऊन गेलो," असं ती तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाली आणि त्यानंतर त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही.

आबा एवढंच म्हणतात, "लाट इली." पोलिसांना तेच, पाहुण्यांना तेच, मला तेच.

पण आज लिहूनच ठेवते. आई शिवायला बसते तेव्हा सुई-दोरा खिडकीच्या फळीवर ठेवून आत जाते. तिला ओवता येत नाही. आबा येता-जाता ती सुई उचलतात, एका फटक्यात ओवतात, परत तिथेच ठेवतात. ती येऊन घेते. कोणी कोणाला काही बोलत नाही. रोज चालतं हे. आज मी मुद्दाम बघत बसले. संध्याकाळचा उजेड, काळा दोरा, बारीक सुई. एकदाही चुकले नाहीत.

डोळे गेलेत म्हणे.

१९ सप्टें., शुक्रवार

लाटा जमल्या एकदाच्या. चार दिवस पाणी जेलीसारखं हलत होतं. आता बऱ्या फुटतायत. खडक ठेवलाय तोंडाशी, पाण्याखाली. नकाशात आहे तिथे.

आबांना म्हटलं, एकदा बघा. तुमच्याएवढं कोणाला कळतंय.

"माका नको ती घाण्याच्या बैलाची झापडां."

आग्रह केला नाही. स्वतःचीच लाज वाटली. ज्या जागी मुलगा गेला ती जागा डोळ्यांवर बांधा म्हणायचं म्हणजे.

२२ सप्टें., सोमवार

घटस्थापना. यंदा आमच्याकडे काही नाही, वर्ष पुरं व्हायचंय. आईने तरी अंगण सारवलं.

पुण्याच्या के. मॅ. शी फोनवर बोलत होते, खडक किती आत, किती बाहेर वगैरे. आबा ओटीवर जाळं शिवत होते. फोन ठेवला तर मान वर न करता म्हणाले, "खडप थय नाय."

"नकाशात आसा."

"नकाशेवाल्यान कदी थय होडी घातल्यान? आणखी दक्षिणेक आसा तां. एका होडयेइतक्या."

हलवला. स्क्रीन फिरवून दाखवला. उठून जवळ आले, बोट लावलं. "आता बरां." मग तिथेच उभे राहिले. म्हणाले, "खंय आसत तुजी ती झापडां?"

आज नको, परवा, म्हटलं. सुकाणू नीट करून देते.

२४ सप्टें., बुधवार

हे सगळं नीट लिहायला हवं.

आईचं लाटणं घेतलं, त्याला कंट्रोलर रबरांनी बांधला, म्हणजे होडीच्या मशीनच्या, इंजिनच्या, दांड्यासारखं धरता येईल. (आई: "माजा लाटणा खंय गेला?" मी: "कामाक लागला." आई: "घरात येकट्या लाटण्याकच काम उरला.") आबांना उलट्या क्रेटवर बसवलं. हेडसेट चढवला. मला वाटलेलं घाबरतील, पट्टा ओढतील. काही नाही. पाठ ताठ झाली. पाय फाकले. लाटणं काखेत घेतलं. वर्षभरात त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं.

पहिल्या फेरीत होडी आत. खडकाला वळसा घालून, जशी लोण्यातून सुरी. दुसऱ्या वेळी मी वारा वाढवला. आत. तिसऱ्या वेळी उजेड कमी केला, लाटा जेवढ्या करता येतात तेवढ्या केल्या. आत.

माझ्या लक्षात आलं, ते लाटांकडे बघतच नाहीत. मान थोडी वर. किनाऱ्याकडे.

"आबा, तुमी खंय बघतास?"

"माडाक," म्हणाले. सहज. माणूस सुकाणूवर असताना बोलतो तसं. "देवळाच्या कळसाखाली आपल्या माडाचो शेंडो धरूचो. माड कळसाखाली आसा तोपर्यंत खडप तुका शिवाचा नाय. येकटो कळस दिसलो तर ती खूण न्हय. येका खुणेन काय व्हना नाय, दोन व्हयी."

होडी मधेच सोडून दिली.

लाटणं खाली ठेवलं. हेडसेट काढला. डोळे मिचकावत परसाकडे बघितलं, जिथे माड होता. तिथे आता नुसता खुंट आहे आणि त्याच्यामागे खोल्यांचं अर्धवट जोतं, शेवाळलेलं.

"ह्या मशीनीत माड कसो?"

"जुनो सर्व्हे आसा. तोडूच्या आदलो."

"व्हय," म्हणाले. "असतलोच." आणि जाळ्याकडे गेले.

२५ सप्टें., गुरुवार

काल पुढचं लिहिता आलं नाही.

गेल्या वर्षीचा मे. आबा वेंगुर्ल्याला, डोळ्यांना पट्टी. मी आणि नंदू खोल्यांच्या प्लॅनमध्ये बुडालेले. नंदू गोव्यातल्या हॉटेलची नोकरी सोडून आलेला, दोन वर्षं आबांबरोबर होडीवर जायचा, पण मन खोल्यांत. चार खोल्या, वर एक गच्ची, पाहुण्यांना समुद्र. मी मॉडेल केलं, त्याला हेडसेट घातला. वरच्या खोलीच्या खिडकीत उभा राहिला (म्हणजे आमच्या ओटीवरच, चहाचा कप सांडत) आणि म्हणाला, "ताई, हो माड मदीच येता गो. काढ बघया."

क्लिक केलं. गेला.

"आता कसां बरां दिसता!"

तो माड आजोबांनी लावलेला. म्हातारा, फळ धरत नव्हता, वाडीत सगळ्यात उंच. दुसऱ्या दिवशी प्लॅनवर मी त्याच्याभोवती लाल गोल काढला, बाजूला लिहिलं: काढणे. माझंच अक्षर. आठवड्याने माणूस येऊन तोडून गेला.

आबा आले. पिशवी हातात तशीच. खुंटावर हात ठेवून उभे राहिले. "कोणी सांगितल्यान काढूक?" नंदू माझ्या मागे होता. आबा रागावतील म्हणून मीच म्हटलं, "मी. प्लॅनमदी येत होतो." ते म्हणाले, "बरां." एवढंच. मला वाटलं सुटलो.

ऑक्टोबरात तिन्हीसांजेला हवा बिघडली आणि ते दोघे तोंडाशी आले तेव्हा त्यांना नुसता कळस दिसत होता.

२८ सप्टें., रविवार

माडाचा लेअर बंद केला आणि मी स्वतः हेडसेट घातला. पाच वेळा आत यायचा प्रयत्न केला. पाचही वेळा खडकावर. मला होडी येत नाही हे खरं. पण माड चालू करून गेले तेव्हा, नुसतं आबांनी सांगितलं तसं धरून, दुसऱ्याच फेरीत आत आले. मी. जिला वल्हं कुठच्या बाजूने धरतात ते माहीत नाही.

मग हेडसेट तसाच डोक्यावर ठेवून रडले. आतून काचा धुरकटतात. आईने हाक मारली जेवायला, तर म्हटलं काम चालू आहे.

त्यांनी हे कोणाला सांगितलं का नाही? वर्षभर अख्ख्या वाडीचं ऐकून घेतलं. बायकोचं ऐकून घेतलं.

३० सप्टें., मंगळवार

विचारलं. वाळूवर, जाळं सुकवत होते तिथे. दुसरं कोणी नव्हतं.

"आबा, माड नव्हतो म्हणान होडी खडपावर गेली."

"लाट इली."

"आबा."

"लाट इली म्हणतंय मां."

मी हलले नाही. शेवटी आबा बोलले, जाळ्याकडे बघत. जमेल तसं उतरवते.

खूण तोंडाने सांगायची नसते आमच्यात. दुसऱ्याच्या कानावर गेली तर त्याची होते. ज्याच्या हातात सुकाणू द्यायचं त्यालाच दाखवायची, नारळी पौर्णिमेला, पाण्यावरून. आजोबांनी त्यांना तशीच दाखवली. ते नंदूला दाखवणार होते, पुढच्या पौर्णिमेला. "तेचा मन खोल्यांत होता. म्हटलां, जरा थिरावांदे." म्हणून नंदूला माहीत नव्हतं. मला तर कुठून असणार, मुलीला कोण दाखवतं.

"खुंट बघितलो तेवाच तुमका कळलां. मगे बोलाक नाय कित्याक?"

"काय बोलू? तोडलेलो माड बोलान उभो रवता? म्हटलां चाळीस वर्सां येतंय-जातंय, येतलंय अंदाजान. पावसानंतर दोन महिने इलंय पण. त्या दिवशी नाय इलंय."

मी आईला सांगते म्हटलं. आजच सांगते.

तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "खबरदार. ती माज्याशी बोलना नाय, तां माका सोसता. म्हातारो आसंय, किती दिवस ऱ्हवले. तुज्याशी बोलाची बंद झाली तर तू खंय जातलंस? तुका घर व्हया."

नंतर आणखी एक, हळूच: "माड काढूचो ह्या तुज्याच डोक्यात इला काय?"

"व्हय. माज्याच."

बघत राहिले. मग जाळं उलटं केलं. पटलं की नाही, देव जाणे.

४ ऑक्टोबर, शनिवार

के. मॅ. ला फाइल हवी. मी आबांना म्हटलं, सगळं तयार आहे, माडाचं काय करू? ठेवूया वाटत होतं. इथे तरी असू दे.

"काढ," म्हणाले.

"कित्याक?"

"नसलेली खूण दाखवशीत तर पोरां त्येच्यावर इस्वास ठेवन जातली. खऱ्या पाण्यात कळस येकटो. काढ तेका."

माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसले. तुम्ही जरा तिकडे बघा म्हटलं. नाही बघितलं. स्क्रीनकडेच बघत राहिले.

निवडला. डिलीट. त्याच माडाला दुसऱ्यांदा.

"तुज्या कामात खूण नाय तर ह्या पोरांका काय शिकवतलंस?" हे त्यांनी विचारलं, रागाने नाही. के. मॅ. ला लिहिलं, एक आठवडा द्या, किनाऱ्यावर एक खूण बदलतेय. ती म्हणाली, खूण म्हणजे काय? मग फोन करून सगळं सांगितलं, नंदूचंही. ती म्हणाली, "तू आधी का नाही सांगितलंस गं, मी हे काम तुला दिलंच नसतं." तेच तर. आठवडा दिला.

९ ऑक्टो., गुरुवार

आबा वर्षाने होडीवर गेले.

सकाळी त्यांनी खिळ्यावरची टोपी काढली, तेव्हा आई चुलीपुढे होती. टोपी बघितली. हात थांबला तिचा. मला म्हणाली, "तेंका सांग, पाण्याची बाटली घेवन जावा." मी सांगितलं. बाटली तिने भरूनच ठेवली होती.

पांडूकाकांची होडी. हे आबांचे जुने जोडीदार, तेही गेल्या वर्षापासून आमच्या घरी येत नव्हते, आता आबांनी बोलावल्यावर आले. ते दोघे तोंडाबाहेर, मी परसात सुरूचा उंच वासा धरून, वर पांढरा प्लास्टिकचा कॅन उलटा घातलेला. मोबाइल कानाला.

"उत्तरेक."
"हय?"
"आणखी. आणखी. ज्यास्त झाला. मागे ये. रव!"

मी पायाखाली बघितलं. खुंटाला लागूनच उभी होते.

"आबा, हय खुंट आसा."

"माका म्हायत आसा खंय आसा तां," म्हणाले.

खुंटात खड्डा करता येईना. त्याच्या बाजूला खणला, वासा पुरला, खुंटालाच दोरीने आवळला. माडाच्या निम्म्यानेही उंच नाही. पांडूकाकांची होडी चार वेळा आत-बाहेर झाली, चारही वेळा आबांच्या हातात मशीनचा दांडा. किनाऱ्याला लागल्यावर पांडूकाका खाली उतरले आणि आबांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना सगळं कळलं असावं. नंदू होडीवर येईपर्यंत दोघे वर्षानुवर्षं एकत्रच जायचे.

आबा एवढंच म्हणाले, "माडाइतको उंच नाय. पण दिसता." आणि ही खूण घरापुरती नाही, सगळ्यांना सांगायची. पांडूकाकांना म्हणाले, "जेका जेका होडी आसा, तेका सांग. पौर्णिमेची वाट बघू नको."

१२ ऑक्टो., रविवार

वाशाचा फोटो काढून मॉडेलमध्ये बसवला. फाइल पाठवली. के. मॅ. खूश. मला काहीच वाटलं नाही.

दुपारी आई कपडे वाळत घालायला परसात गेली, ती बराच वेळ आलीच नाही. बघायला गेले. वाशासमोर उभी. आधी वाशाकडे, मग वर देवळाकडे, मग समुद्राकडे बघत होती. तांडेलाची बायको आहे ती, कोळ्याचीच पोर.

"हय माड होतो मां गो?"

"व्हय."

"तुज्या आजोबाचो."

"व्हय."

ओला टॉवेल हातात पिळत राहिली, पाणी संपलं तरी.

१६ ऑक्टो., गुरुवार

नंदूचं वर्षश्राद्ध.

भटजी सकाळी आले, बारापर्यंत आटपलं. पान बाहेर ठेवलं. कावळा लगेच आला, त्याला बोलवावं लागलं नाही. नंदू जिवंत असताना जेवणाला कधी वेळेवर आला नाही.

माणसं गेली. आबा पांडूकाकांना सोडायला देवळापर्यंत. आई मागच्या पायरीवर भांडी घेऊन बसलेली. मी शेजारी बसले आणि सांगितलं. सगळं एका दमात, नाहीतर झालं नसतं. खूण काय होती. आबा वेंगुर्ल्याला होते तेव्हा माड तोडला. प्लॅनवर लाल गोल माझा, काढणे हे अक्षर माझं. डोळे त्यांचे चांगले होते. त्यांनी मला सांभाळलं आणि तू त्यांना वर्षभर...

तिने विचारलं, "आणि माज्या नंदून तुका माड तोडूक सांगितलेला काय?"

मला वाटतं तिला कुठेतरी माहीत होतं. नंदूला त्या खोल्यांचं किती वेड होतं, ते काय तिला माहीत नव्हतं? प्रश्न विचारला आणि माझ्याकडे बघितलं, अशी, की माझ्या तोंडून काय येतं त्यावर तिचं पुढचं सगळं आयुष्य अडकलंय.

"नाय. तेका काय म्हायत नव्हता. माजाच सगळा."

तिने खरकटं ताट खाली ठेवलं. हात धुतले. आत गेली.

आबा आले. केळीचं पान मांडलं होतं त्यांचं. आई भाताचं भांडं घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "वाढू?"

वर्षाने. एक शब्द. आबांनी मान वर केली, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. कळलं त्यांना. "वाढ," म्हणाले. तिने भात वाढला, त्यावर आमटी, मग पापड मोडून ठेवला, त्यांना लागतो तसा. ती पदर डोळ्याला लावत होती, ते भातात बोट फिरवत होते, घास काही घेईनात.

माझं पान मांडलेलं नव्हतं. मी स्वतः घेतलं. भात घेतला, बसले, जेवले. गोड होतं का खारट, आठवत नाही.

नंतर आबा ओटीवर आले. "कित्याक सांगितलंस?"

काय सांगू. गप्प बसायचं तुमच्याकडूनच शिकले, म्हटलं असतं. पण मी त्यांच्यासारखी गप्प बसले नव्हते, निम्मंच सांगितलं होतं. उरलेलं निम्मं आता माझं.

१८ ऑक्टो., शनिवार

धनत्रयोदशी. वाडीत कंदील लागलेत. आमच्या ओटीवरही आबांनी एक पणती ठेवली, आईने तेल घातलं. दोघांचं बोलणं चालू झालंय. फार नाही. पाणी तापलं काय, मासे खयचे, एवढंच. पण मधे मी नाही.

पुण्याहून मेल: तोंडवलीच्या होडीवाल्या पोरांनी पहिल्यांदा हेडसेट लावून बघितला, दोघे खडकावर गेले, बाकीचे आत आले. वासा दिसतो म्हणाले. आबांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं.

आज खिडकीत सुई नव्हती. आईने ती आबांच्या हातात दिली. त्यांनी ओवून तिच्या हातात दिली. मी इथे कॉम्प्युटरसमोर, दोघांच्या मधून ये-जा करायला कोणी लागलं नाही.

दुपारी जेवायला बसले. आई चुलीपुढे, पाठमोरी. मी तिच्यापासून तीन हातांवर. तव्यावर भाकरी फुगलेली. तिने मान न वळवता आबांना सांगितलं,

"तिका इचार, भाकरी व्हयी काय भात."

आबा माझ्याकडे बघत राहिले. डोळे भरलेले. आता विचारायचं काम त्यांच्याकडे आलंय.

"भात," म्हटलं मी, त्यांना.